बोलावलं कुणी?

तनुजा करमाडची. लग्न होऊन शहरात, पुंडलिकनगरात आली आणि तिथल्या एका खाजगी दवाखान्याच्या आयसीयूत नर्स झाली. भूलतज्ज्ञ डॉ. शंतनू यांच्या हाताखाली ती घडली. "माझा उजवा हात," असं ते चारचौघांत म्हणायचे.

कोरोना आला तेव्हा नियम त्यांनीच घातला. रोग्याच्या घशात श्वासाची नळी घालताना तोंडातून उडणारे तुषार सगळ्यांत घातक, म्हणून एन-९५ मास्क आणि किट घातल्याशिवाय कुणीही आत यायचं नाही.

एका दुपारी कॉटवरचा माणूस एकदम निळा पडला. शंतनू सर किट घालून आत होते, एकटेच. तनुजा दाराबाहेर, तोंडावर साधा मास्क.

"तनुजा, आत ये."

"सर, किट घालते की."

"तोवर जाईल तो. ये."

ती गेली. रोग्याच्या तोंडाशी धरलेली हवेची बॅग दाबत राहिली. नळी जाताना माणूस तिच्या तोंडावर खोकला. तो जगला.

चारच दिवसांत तनुजाला ताप चढला. तिच्यामागून सासूबाई, द्वारकाबाई, ऑक्सिजनवर गेल्या. दोघी कशाबशा वाचल्या, पण तनुजाला जिना चढताना धाप लागायची ती लागायचीच.

कामावर परतली तर नर्सांच्या प्रमुख, मेट्रन कालिंदीताईंनी बोलावलं. सरही बसले होते.

"किट न घालता आत का गेलीस?"

"सरांनी बोलावलं."

कालिंदीताईंनी सरांकडं पाहिलं. सर टेबलावरची काच पुसत म्हणाले, "मी कशाला बोलावेन? नियम माझाच आहे. घाईत आली असेल."

तनुजाला वाटलं, आपल्याच कानांचा काही घोळ असावा.

घरी द्वारकाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "लेकीवानी मानायचा म्हणं तुला?"

"व्हय."

संध्याकाळी सरांचा फोन आला. "समजून घे गं. माझ्यावर चौकशी बसली असती."

"बोलावलंत त्याचा राग नाय, सर. परत बोलावलं असतंत तरी आले असते." तिनं फोन ठेवला आणि महिन्याच्या आत ती नोकरी सोडली.

आता ती दुसऱ्या दवाखान्यात आहे. मागच्या हिवाळ्यात तिथं क्षयाचा एक रोगी अत्यवस्थ झाला आणि नळी घालायला बाहेरून नेमके शंतनू सर आले. तनुजा किट, मास्क घालून दाराशी उभी राहिली.

"ये ना आत," ते हळूच म्हणाले.

"जरा मोठ्यानं सांगा, सर. सगळ्यांना ऐकू येऊ द्या."

बाकीच्या नर्सा बघायला लागल्या. सरांनी मान खाली घातली आणि मोठ्यानं सांगितलं. मग तनुजा आत गेली आणि तिनं नळी त्यांच्या हातात दिली.