रंगवलेली प्रेशर प्लेट

कापसासाठी रान नांगरायला घेतलं, त्याच आठवड्यात आमच्या ट्रॅक्टरचा क्लच घसरायला लागला. नांगर मातीत उतरला की इंजिन नुसतं ओरडायचं, चाकं जागची हलायची नाहीत. एरंडोलचा मिस्त्री म्हणाला, "क्लच प्लेट नवीच टाका. तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट मात्र या मॉडेलची नवी मिळत नाही आता. धुळ्याला जुन्या सामानात बघा."

जुनं सामान म्हटलं की माझं डोकं फिरतं. मागे मी एक हायड्रॉलिक पंप आणला होता. घरी रंग खरवडला तर खाली बुजवलेला तडा. तेव्हापासून चकचकीत वस्तू दिसली की मला आधी तिची पाठ बघावीशी वाटते. म्हणून या खेपेला मामांना बरोबर घेतलं. ते भुसावळला रेल्वेत फिटर होते, आता निवृत्त. पिशवीत त्यांनी स्टीलची पट्टी, पॉलिश पेपर, खडू आणि डिझेलची बाटली घेतली.

धुळ्यात हायवेलगतच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात पन्नाशीच्या एक बाई बसलेल्या. नवऱ्याला अर्धांगवायू झाल्यापासून दुकान त्याच बघतात, असं शेजारच्या चहावाल्याने सांगितलं. मांडणीवर आमच्या मॉडेलच्या दोन प्रेशर प्लेटी होत्या. एक तेलकट, काळीकुट्ट. दुसरी निळ्या रंगात नवीकोरी दिसणारी. मी निळीला हात लावला.

"भाऊ, हाई लेवासारखी नही," बाई म्हणाल्या आणि ती उचलून त्यांनी आपल्या खुर्चीमागे ठेवली.

घेण्यासारखी नाही म्हणे! झालं, माझ्या मनात पाल चुकचुकली. चांगला माल ओळखीच्या मिस्त्रीसाठी राखून ठेवायचा आणि आमच्या गळ्यात काळी मारायची! मी मामांच्या कानाशी लागलो. मामांनाही तसंच वाटलं असावं. ते म्हणाले, "अक्का, विकू नका, पण बघू तर द्या."

बाईंनी क्षणभर आमच्याकडे बघितलं आणि प्लेट पुढे सरकवली. "बठ्ठं देखी ल्या, आबा."

मामांनी घासणाऱ्या बाजूवर पट्टी आडवी धरली. पट्टीखालून मधोमध उजेड दिसत होता, म्हणजे प्लेट सपाट नव्हती. मग त्यांनी पॉलिश पेपरने रंग काढला. खाली तापून पडलेले जांभळे डाग होते. त्यावर डिझेल लावून पुसलं आणि खडूची पूड चोळली. थोड्या वेळाने पांढऱ्या पुडीत केसाएवढी ओली रेघ उमटली, आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत.

"चीर आहे," मामा म्हणाले.

मला खरं तर ओशाळायला हवं होतं. पण संशय असा सहजासहजी उतरत नाही. मी म्हणालो, "मग ही मांडणीवर ठेवलीच कशाला? आम्ही गेल्यावर दुसऱ्याला विकाल."

"लॉटमा अशीच रंगाडेल उनी व्हती. भंगारमा टाकानी राही गई," बाई म्हणाल्या. लॉटमध्ये ती रंगवूनच आली होती, भंगारात टाकायची राहिली, एवढं सांगून त्या उठल्या. कोपऱ्यातला घण उचलला, प्लेट दगडावर ठेवली आणि दोन्ही हातांनी घाव घातला. दुसऱ्या घावाला प्लेटीचं ओतीव बीड फुटलं. मामांनी तुकडा उचलून मला दाखवला. तुटलेली कड एका जागी ताजी, करडी होती. बाकी सगळी काळी पडलेली.

"हा काळा भाग आधीच फाटलेला होता," मामा हळूच म्हणाले.

बाईंना धाप लागली होती. पदराने कपाळ पुसत त्या परत खुर्चीवर बसल्या. मला त्यांच्याकडे बघवेना, तरीसुद्धा काळी प्लेट मी तासभर तपासायला लावली. पट्टी सगळीकडे सपाट बसली, चीर कुठे निघाली नाही, स्प्रिंगा सारख्या उंचीच्या होत्या. क्लच दाबला की प्लेट मागे ओढणाऱ्या फिंगरांची टोकं थोडी झिजली होती. ती बाईंनी स्वतःहून दाखवली आणि दुसऱ्या मोडक्या प्लेटीच्या चांगल्या फिंगर काढून दिल्या.

मिस्त्रीने ती बसवली. दुसऱ्या दिवशी मी नांगर पूर्ण खोल घातला आणि ट्रॅक्टर न अडखळता बांधापर्यंत गेला. तीन हंगाम झाले, क्लच अजून घट्ट धरतो.

त्यानंतर सामानासाठी दोनदा त्याच दुकानात गेलो. बाई ओळख देतात, मामांची खुशाली विचारतात. त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल माफी मागायची दोन्ही वेळा ठरवून गेलो होतो. दोन्ही वेळा सामानाचे पैसे देऊन तसाच परत आलो.