आबांच्या परसातली तंबाखू

आबा तंबाखूचं पान कानाशी धरायचे. दोन बोटांत हलकेच दाबायचे आणि आवाज आला की हात मागे घ्यायचे. "वाजतंय अजून. ऱ्हाऊ दे."

वाळलेलं पान कोरडं असताना हाताळलं की त्याचा चुरा होतो. पहाटेच्या दहिवरानं ते मऊ पडलं की मग वळचणीला टांगलेली पानांची माळ उतरवायची, असा त्यांचा नेम. पण हे ते माणसांनाही लावायचे. एकदा माझ्या नवऱ्याचं आणि दिराचं बांधावरून जुंपलं. मी आबांना बोलवायला पळाले. त्यांनी आमच्या मधल्या कुडावरून दोघांकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "वाजत्यात अजून. ऱ्हाऊ दे. सांजच्याला येतो." संध्याकाळी आले, दोघांच्या हातावर आपली तंबाखू ठेवली. चुना मळता मळता भांडण मिटलं.

आंदर मावळात त्यांचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एक कारवीचा कूड होता. दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. त्यांचं नाव सांगत नाही. आळीत सगळे आबाच म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला मावशी. मूलबाळ नव्हतं. परसातली तंबाखू होती.

भात आमच्याकडे सगळेच लावतात. तंबाखू परसात लावणारे आबा एकटेच. बी इतकं बारीक, की राखेत कालवून फेकायचे. पाऊस सरला की रोपं लावायचे. पानं उतरवून, वाळवून त्यांची रास घालायचे, गुळाचं पाणी शिंपडून वर भाताचा पेंढा झाकायचे. मग रोज त्या राशीत हात घालून ऊब बघायचे, ताप आलेल्या लेकराचं पोट बघावं तसं. बाजारच्या तंबाखूला ते हात लावायचे नाहीत. "ती काय तंबाकू हाय? गवताला धूर दावलाय नुसता." आमच्या घरात तीच होती. मी ऐकून घ्यायचे.

झाडाला कळी दिसली की आबा शेंडा खुडून टाकायचे. फुलात जोर गेला तर पान हलकं पडतं. बियाण्यापुरतं एक झाड मात्र ठेवायचे, मावशीच्या धुण्याच्या दगडाजवळ. ते मावशीचं.

"समद्यांची मुंडकी मोडली तुमी," मावशी म्हणायची. "माज्या एकीला हात लावाल तर बघा."

"तुज्यापुडं माजं काय चालतंय?"

"आन् चालवून तरी काय करनार व्हता?"

त्या झाडाला गुलाबी फुलं यायची. देवाला चालत नाहीत, केसात माळत नाहीत, पण मावशी धुणं आपटता आपटता त्यांच्याकडे बघत बसायची.

सगळी तंबाखू आबा मावशीसाठीच करायचे, असं मला वाटतं. स्वतः खायचे थोडी, वाटायचे बरीच. पण राशीतली मधली पानं, सगळ्यांत काळी आणि तेलकट, ती मशेरीची. आबा ती स्वतः तव्यावर भाजायचे, कुटून डबीत भरून द्यायचे. सकाळी मावशी उंबऱ्यावर बसून बोटानं दातांना लावायची, आणि आबा समोर बसून विचारायचे, "कशी झालीया?" मावशी तोंड भरलेलं असल्यानं नुसती मान हलवायची. एवढ्यावर त्यांचा दिवस चांगला जायचा.

मग मावशीच्या गालाच्या आत पांढरा चट्टा आला. त्याची जखम झाली. भाकरी सुटली, मग कालवण सुटलं, पेजेवर आली. आबा तिला बैलगाडीनं कामशेतला आणि तिथून आगगाडीनं लोणावळ्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरनं तोंडात पाहिलं आणि पहिलं विचारलं, "मशेरी लावता का?" मग आबांना बाहेर बोलावून सांगितलं, की हे त्या मशेरीनं झालंय, आता फार उशीर झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी परस उपटलं. पौष होता, पानं हाताएवढी झालेली. एकेक झाड मुळासकट ओढून टाकलं. घरातल्या जुन्या माळा, बियाणं, मशेरीची डबी, सगळं अंगणात आणून पेटवलं. आख्खी आळी खोकत होती. मावशी उंबऱ्यावर बसून होती. आबा धुण्याच्या दगडाकडे वळले तेव्हा तिनं हात उचलला. तिच्या झाडाला नुकतीच कळी आली होती. आबांनी तेही उपटलं.

"माज्याच हातानं भाजून दिली गं," ते मला म्हणाले. "माज्याच हातानं."

त्यानंतर मावशी बोलायची थांबली. तोंड दुखायचं म्हणून असेल. पण बोट हिरड्यांकडे न्यायची आणि आबांकडे बघायची. आबा म्हणायचे, "न्हाई." ती पुन्हा बोट न्यायची. "न्हाई म्हनलं ना." कुडाच्या अलीकडे मला रोज ऐकू यायचं.

माघात तिची पेजही सुटली. त्या सकाळी आबा माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"पोरी, चिमूटभर मशेरी आसंल का?"

भाजलेली नव्हती. मी बाजारची तंबाखू तव्यावर टाकली. आबा चुलीजवळ उभे राहून बघत होते. "करपू देऊ नगंस," एवढंच म्हणाले. ऊन ऊनच कुटली, पळसाच्या पानात बांधली आणि त्यांच्यामागून गेले. आबांनी आपल्या बोटावर घेतली आणि मावशीच्या बऱ्या बाजूच्या हिरडीला हळूच लावली. तिनं डोळे उघडले. जीभ फिरवली.

"आपली न्हाई ही," ती म्हणाली आणि तोंड भिंतीकडे केलं.

दिवस मावळायच्या आत गेली.

बारावं झालं तरी आबा उंबऱ्यावरच बसलेले. मी भाकरी नेली, ती तशीच पडून राहिली. मी त्यांच्या खांद्याला हात लावला. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "वाजतंय अजून. ऱ्हाऊ दे." मी हात काढून घेतला आणि घरी आले. दुसरं काय करणार होते? मशेरी मीही लावायचे, ती मावशी गेली त्या दिवसापासून सोडली. त्यात शहाणपण काही नाही, तोंडाला लावली की तिचे ते शब्द आठवायचे.

पुढचा पाऊस सरला आणि मावशीच्या दगडाभोवती रोपं उगवली. जुन्या बोंडांतलं बी सांडून मातीत राहिलं असणार. आबांनी ती उपटली नाहीत. पाणी घालायला लागले. पण शेंडे खुडले नाहीत. माझा नवरा कुडावरून म्हणाला, "आबा, कळ्या आल्या की! पान वाया जाईल."

"जाऊ दे," आबा म्हणाले.

सगळी झाडं फुलली. त्या परसात इतकी फुलं कुणी कधी पाहिली नव्हती. आबा सकाळी दगडावर जाऊन बसायचे, ऊन चढेपर्यंत. होळीच्या आधी एके सकाळी ते बाहेर दिसले नाहीत. आम्ही आत जाऊन पाहिलं तर निजले होते ते उठलेच नव्हते.

नंतर आळीतल्या बायकांनी परसातली पानं काढून वाटून घेतली. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण ती तंबाखू हलकी निघाली, सगळ्याच तसं म्हणाल्या. फुलं मात्र कुणी नेली नाहीत. ती उभ्या देठांवर सुकली आणि एकेक करून मावशीच्या दगडावर पडली.