वहिनींची न मावणारी गोधडी

वहिनींबद्दल धाकट्याला खरं तर फार थोडं ठाऊक होतं. एकाच घरात इतकी वर्षं काढली, पण त्यांना काय आवडतं, कशाची भीती वाटते, हे त्याने कधी विचारलं नाही. त्या एका जागी बसत नाहीत, एवढं मात्र सगळ्या घराला माहीत होतं. "हिच्या पायाला भिंगरी आहे," त्याचा थोरला भाऊ म्हणायचा. पुढे थोरला अंथरुणाला खिळला आणि ती भिंगरी त्याच्या खाटेभोवती फिरू लागली. तो गेला, तेव्हा रिकामे हात वहिनींना खायला उठले.

धाकटा शिंप्याच्या दुकानात कापड बेतायचा. तिथल्या चिंध्यांची पिशवी तो घरी आणू लागला. वहिनींच्या लेकीला दिवस गेले होते. बाळासाठी गोधडी करायची ठरली.

वहिनींना खडू नको, पट्टी नको. हाताला येईल तो तुकडा दुसऱ्याला जोडायचा, बाजू कमी पडली की आणखी एक. पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्याशेजारी पडद्यावरची फुलं, फुलांच्या कडेला कोटाचं अस्तर. याला चौकोन म्हणायचं, ते आपलं म्हणायचं म्हणून. धाकटा ते चौकोन मशीनवर एकमेकांना शिवायला बसला, की त्याचा हात आपसूक कात्रीकडे जाई.

"भावजी, कात्री खाली ठेवा."

"अहो वहिनी, ही बाजू बोटभर बाहेर आलीये."

"मग शेजारच्या चौकोनाला बोटभर जोड द्या. कापायचं नाही."

"अशानं अख्खं घर झाकलं जाईल."

"जाऊ दे. तुम्हाला कापल्याशिवाय चैन पडत नाही."

"आणि तुम्हाला बसलं की पडत नाही!"

त्या हसायच्या आणि उठायच्या. चौकोन खिडकीशी नेऊन बघायचा, उलटा करायचा, मध्येच न पेटवलेला गॅस बंद आहे ना ते बघून यायचं, आणि येताना आणखी चार तुकडे.

लेक गोधडी न्यायला आली त्या सकाळी वहिनींनी ती पलंगावर पसरली. दोन्ही बाजूंनी ती जमिनीवर लोळत होती.

"आई, ही बाळासाठी आहे की गल्लीतल्या सगळ्यांसाठी?"

गोधडी कोंबल्यावर लेकीच्या पिशवीची चेन काही केल्या लागेना. धाकट्याने गुडघा दिला, लेक पिशवीवर बसली. खालून जावयाने गाडीचा हॉर्न वाजवला.

"राहू दे आई. पुढच्या खेपेला नेईन."

वहिनींचा चेहरा पडला. पुढची खेप म्हणजे बाळ झाल्यावर. मग तोवर बाळाने पांघरायचं काय? त्या पलंगापासून दारापर्यंत आणि दारापासून पलंगापर्यंत फेऱ्या घालू लागल्या. धाकट्याने कात्री उचलली, त्यांच्याकडे पाहिलं आणि खाली ठेवली.

"उसवा," त्या एकदम म्हणाल्या. "मधली शिवण उसवा. तुमचीच आहे, सरळ आहे."

सरळ होती आणि घट्टही होती. आपल्या शिवणीचा त्याला अभिमान होता. त्याने एका टोकाला सुई घातली, वहिनींनी दुसऱ्या. दोघं एकेक टाका काढत मध्याकडे सरकले. हॉर्न पुन्हा वाजला. तेवढा वेळ मात्र वहिनी जागच्या हलल्या नाहीत.

अर्धी गोधडी पिशवीत बसली, चेन लागली. लेक जिना उतरून गेली.

उरलेली अर्धी पलंगावर होती, एका कडेने दोरे लोंबत. धाकटा दुकानात जायला चपला घालत होता, तोवर वहिनींनी चिंध्यांची पिशवी जमिनीवर उपडी करून त्या कडेला एक निळा तुकडा लावूनही पाहिला होता. संध्याकाळी तो परतला तेव्हा वहिनी गेल्या होत्या. म्हणून दारातलं बोलणं शेवटचं ठरलं. एरवी त्यात लक्षात ठेवावं असं काही नव्हतं.

"भावजी, पांढरा दोरा संपलाय."

"आणतो संध्याकाळी. तुम्ही जरा पडा आता."

"पडते हो. रीळ मोठं आणा."