कळंबच्या हळदीत डबस्टेप

"डबस्टेप ऐकायला कर्जत तालुक्यात कोण जातं?" असं नवऱ्याने विचारलं, तेव्हा मी गाडीत हवा भरून आले होते. वाद घालायची वेळ गेली होती. "मी जाते," एवढंच म्हटलं आणि पुणं सोडलं.

कारण सागर. कॉलेजातला मित्र, राहणार कळंब. लग्नसराईत स्वतःचा डीजे चालवतो आणि उरलेल्या वेळात घरी बसून डबस्टेप, म्हणजे जड बेसचं इलेक्ट्रॉनिक संगीत, बनवतो. त्याचा मेसेज आला होता: 'चुलतभावाची हळद हाय. आई शेवटचा धवला गानार. रेकॉर्ड करून ट्रॅकमध्ये टाकतोय. ये.' धवला म्हणजे हळद लावताना गातात ते गाणं. सागरची आई, कमळाकाकू, आसपासच्या सगळ्या गावांना त्यासाठी माहीत. लग्नाशिवाय त्या तोंडातून एक ओळ काढत नाहीत, आणि आता दम पुरत नाही म्हणून यानंतर गाणार नाही, असं त्यांनी जाहीर करून टाकलं होतं. एवढी एकच संधी होती.

घाई नसेल तर जुन्या हायवेनेच घाट उतरा. खोपोलीत मिसळ खाल्ली. तर्री वेगळी मागा, नाहीतर खालापूर तालुका संपेपर्यंत पाणी पीत बसाल. तिथून पळसदरीमार्गे कर्जतचा रस्ता झाडीतला आणि छान आहे, वळणं तेवढी सांभाळा. या टप्प्यावर मी सागरचा 'बँकर' हा ट्रॅक लावला. घाट चढणाऱ्या रेल्वेला मागून ढकलणारी जादा इंजिनं असतात, ती बँकर. त्यांचा आवाज त्याने ठाकुरवाडीला जाऊन टिपलाय. डबस्टेपचा वेग जलद असतो, पण मुख्य ठोका इतका लांबवर पडतो की मान निम्म्याच वेगाने डोलते. इथे दोन ठोक्यांमधली ती जागा इंजिनाच्या घरघरीने भरून काढलीये. चढ वाढेल तसा बेस जाड होत जातो आणि आपण उगीचच अॅक्सिलरेटर दाबतो.

कर्जत ते नेरळ 'शेलू' ऐकला. नेरळच्या पुढे शेलू आहे, तिथल्या नव्या इमारतींचा पाया खणणाऱ्या मशीनचा धपका त्यात आहे. वेगळेपण हे, की सगळं अचानक थांबून बेस कोसळायचा तो क्षण आता येणार, आता येणार असं वाटत राहतं आणि तो येतच नाही. लगेच धडामधूम हवी असणाऱ्यांनी यापासून लांब राहावं. माझा मात्र हा सगळ्यात आवडता.

नेरळहून आत वळलात की कळंब. शनिवार-रविवारी इथली रिसॉर्टं भरलेली असतात आणि दर चढलेले, म्हणून फोन करूनच निघा. मी काकूंकडे उतरले. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं खाऊन संध्याकाळी मांडवात गेलो.

टेंपोवर बेसचे खोके एकावर एक रचलेले, मागे सागर. काकूंच्या पाटाशेजारी त्याने माइक आधीच लावून ठेवला होता. रीत अशी, की धवला सुरू झाला की डीजे बंद. आणि धवला एकदा सुरू झाला की मधे तोडायचा नाही.

मी ब्लॉगवाली, गप्प कशी बसणार! सागरच्या समोर जाऊन उभी राहिले आणि ओरडून ओरडून विचारत बसले, की नवीन माणसाने सुरुवात कुठल्या ट्रॅकने करावी? तोही रंगून सांगत होता. "फोनवर नाय आयकायचं गं! डबस्टेप छातीत वाजला पायजे. आन बेस पडायच्या आधी जी शांतता असते ना, ती बघायची. ज्याची शांतता चांगली, त्याचा ट्रॅक चांगला."

पाठीमागून कुणीतरी माझा खांदा हलवला. नवरदेवाचा मामा होता. "सागऱ्या! बंद कर रं! आयशी गातेय तिकडं!" सागर त्याच्याकडे बघेचना, माझ्याकडेच बघत होता. मी हाताने दाखवलं तेव्हा कुठे त्याने मान वर केली आणि बटण दाबलं.

तोवर धवला संपला होता. काकूंनी रीत पाळली होती, बेसच्या खाली शेवटपर्यंत गायल्या होत्या. मांडवात सागरच्या नावाने एकच गलका झाला.

"मला बारीक आवाज येत नायत आता," गर्दी पांगल्यावर सागर म्हणाला. "खोक्यांच्या बाजूला ऱ्हाऊन कान गेले. मानसाचं तोंड बघून कलतं. आईनं पदर डोक्यावर घेतला की समजायचं, गानार. पन तू मधे हुतीस."

"मग रेकॉर्डिंग कशाला करत होतास?"

"तिचा आवाज खाली ओढून बेसात आनला असता. म्हंजे मला आयकू आला असता."

मला रडू आलं, आणि तो बिचारा मलाच पाणी द्यायला उठला.

सकाळी चहा घेताना मी काकूंना विनवून पाहिलं. एकदाच, घरातल्या घरात, त्याच्यासाठी गा ना.

"हळद नाय, नवरा नाय, कुनाला गाऊ गं?" त्या म्हणाल्या. "तसा नाय गात कुनी." मग त्यांनी मला वाटेसाठी भाकऱ्या बांधून दिल्या. परतताना मी गाडीत काहीच लावलं नाही.

परवा सागरने फाइल पाठवली. रेकॉर्डिंगमध्ये बहुतांश त्याचाच बेस आहे, तरी त्याने ट्रॅक केलाय. सोबत मेसेज: 'बंद केल्यावर आईचा आवाज दिसतोय स्क्रीनवर. शब्द नाय कलत. काय बोलतेय?'

हेडफोन लावले. बेस तुटतो आणि त्या गलक्यात, माइकच्या अगदी जवळ, धापा टाकत काकू म्हणतात, "त्याला कोनी बोलू नका रं." मांडवात हे मलाही ऐकू आलं नव्हतं. जसंच्या तसं टाइप करून पाठवलं.

उत्तर आलं. 'हे ठेवतो. आन धवला? गायली कशी गं?'

माझे कान धडधाकट आहेत. मी तिथेच उभी होते, काकूंकडे पाठ करून बोलत. त्याला काय सांगू, मला अजून सुचलेलं नाही.