हनुवटी

शेजारच्या इमारतीतल्या हळदीकुंकवाला गेले होते. समोर सतरंजीवर सात-आठ वर्षांची मुलगी हनुवटी वर करून बसली होती. तिच्या पापण्या जन्मापासून अर्ध्या मिटलेल्या. समोरचं दिसायला मान मागे टाकावीच लागते. शेजारी तिची आई, अगदी तशाच पापण्यांची, तशीच हनुवटी वर केलेली.

मान मागे गेली, की मुलीच्या डोक्यावरचा रुमाल घसरायचा आणि चाई पडून केस गेलेले गुळगुळीत चट्टे दिसायचे. आई रुमाल पुढे ओढून म्हणायची, "मान खाली ठेव गं." मुलगी ऐकायची. मग तिला फक्त सतरंजी दिसायची. जरा वेळाने हनुवटी पुन्हा वर, रुमाल पुन्हा मागे.

आपल्याला जग फुकट दिसतं. हिला ते बघायचं, तर आधी स्वतःला दाखवावं लागतं. आणि लपायचं, तर बघणंच सोडून द्यावं लागतं. पापण्या तर आईच्याच. आईच्या डोक्यावर रुमाल नव्हता, पण तीही जन्मभर अशीच, स्वतःला दाखवत जग बघत आलेली असणार.

तेवढ्यात यजमानीणबाई गजरे घेऊन आल्या. "अगं, रुमाल कशाला? ये, गजरा माळते," म्हणत त्यांनी लाडाने तो ओढला. त्यांचा हात गजऱ्यासकट हवेतच थांबला.

"हातात द्या तिच्या," आई पुटपुटली.

मुलीने गजरा घेतला. रुमाल मागितला नाही. हनुवटी वर करून तिने आम्हा सगळ्याजणींकडे एकेक करून पाहिलं.

आता आम्हाला फक्त सतरंजी दिसत होती.