दुसरी पट्टी

म्हशीचं शिंग सपाट करणं हे शहाण्या माणसाचं काम नाही, हे कुणी आधी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. जुन्या पद्धतीचं धनुष्य करायचं खूळ डोक्यात शिरलं होतं. त्याला लाकडाच्या आतल्या अंगानं शिंगाच्या दोन पट्ट्या लागतात, आणि त्या एकाच जोडीच्या असल्या तर दोन्ही बाजू सारख्या वाकतात. माझ्याकडे जोडी एकच. परतूरजवळच्या गावात आईनं सांभाळलेली म्हैस म्हातारी होऊन गेली, तिची. लांबलचक, पार खांद्यापर्यंत आलेली शिंगं. आई महिनाभर हो म्हणेना. शेवटी म्हणाली, "घे. पण वाया घालवू नको."

पहिली पट्टी झकास झाली. करवतीनं कापली, पातेल्यात उकळली, तेल चोळून गॅसवर शेकली, मऊ पडल्याबरोबर दोन लोखंडी पट्ट्यांमध्ये घालून सुताराच्या शिकंज्यात आवळली आणि ऑफिसला गेलो. संध्याकाळी उघडली तर एकदम सरळ. आता कळतं, ती माझ्या हुशारीनं नव्हे, ऑफिसमुळे वाचली.

दुसरी घेतली रविवारी. घरभर केस जळाल्यासारखा वास. बायको एकेक खिडकी आपटत उघडत होती, त्यात शेजारचे काका विचारायला आले, "काय जाळून राह्यले हो?" माझं टाळकं तिथंच तापलं. पट्टी आवळून तास होतो न होतो तोच मी शिकंज्याला हात घातला.

आई आता आमच्याकडेच नवीन जालन्यात असते. मेथी निवडत म्हणाली, "निवू दे की. कशाची जल्दी करून राह्यला?"

"तुला यातलं काय कळतं?" मी खेकसलो आणि शिकंजा ढिला केला. पट्टी अजून कोमट होती. डोळ्यांदेखत तिची दोन्ही टोकं वर उचलली. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच!

मग माझं डोकंच फिरलं. पुन्हा उकळायला हवी होती, ते सोडून तशीच मोठ्या जाळावर धरली. कडेला पांढरे फोड आले तरी थांबलो नाही. शिकंज्यात घातली, एक फेरा आवळला, दुसरा आवळला. "बघतो कशी वाकडी होतेस!" असं त्या मेलेल्या शिंगाला म्हणालोसुद्धा. तिसऱ्या फेऱ्याला काटकन आवाज आला. पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरली. दोन फाका.

मी तेलाला शिव्या घातल्या, शिकंज्याला घातल्या, खिडक्या उघडून गार वारं आत घेतलं म्हणून बायकोलाही सोडलं नाही.  माझी मलाच लाज वाटत होती, म्हणून आवाज आणखी चढत होता.

आई उठली. दोन्ही फाका उचलल्या, चिरेवरून अंगठा फिरवला.

"बारा वर्षं धार काढली मी," ती म्हणाली. "एक डाव बी हे शिंग मला लागू दिलं न्हाई तिनं. अन् तुला एका दिसाचा दम निघाला न्हाई."

मी फाका घ्यायला हात पुढे केला, तर तिनं त्या पदराखाली घेतल्या.