परीक्षेचा पेशंट

माझी नात दातांची डॉक्टर झाली. पण दात सुंदर करणारी डॉक्टर व्हायला आणखी तीन वर्षं शिकावं लागतं, हे मला चौथी शिकलेल्याला तिच्यामुळे कळलं. शेवटच्या परीक्षेला पेशंट आपणच न्यायचा. तो आला नाही तर परीक्षा बुडाली. म्हणून ही पोरं पेशंटला जावयासारखं जपतात, चहा-नाश्ता देतात, रिक्षाने आणतात.

तिचा पेशंट कापडाच्या लूमवरचा कारागीर होता. परीक्षेच्या सकाळीच त्याचा फोन आला, "मैं तो गाँव निकल गया." ती आमच्या कोन गावातल्या घराच्या ओट्यावर बसून राहिली.

जवानीत लूमवर धागा नेणारा धोटा उडून माझा पुढचा दात अर्धा तुटला होता. त्याला मी कुणालाच हात लावू दिला नाही, तिलाही नाही. बायकोने मला त्याच दातासकट पसंत केलेलं. ती गेल्यापासून मला कशाचं फार काही वाटत नाही.

"चल, माझा दात हाय ना," मी म्हणालो.

"आबा, तुम्ही तर जन्मात न्हाय म्हणाला होता."

"आता हाय बोलतोय. उठ."

कॉलेजात तिच्या सरांनी दात बघून चालेल म्हटलं. तिने हिरडीत सुई दिली, ओठ बधीर झाला. दुपारपर्यंत दात पुरा झाला. सर वाकून बघून गेले, जाताना तिच्याकडे बघून हसले. मग तिने माझ्यासमोर आरसा धरला.

"पास झाले वाटतं. आता हसा ना, आबा."

आरशात कुणी दुसराच म्हातारा होता. मी बधीर ओठ ताणला.

"हसलो का?"

"न्हाय अजून," ती म्हणाली आणि आरसा तसाच धरून उभी राहिली.